आखाड्यांतील न्याय

बीड जिल्ह्याच्या पाटोदा-आष्टीकडील डोंगरपट्टींत चैत्र-वैशाखांत जत्रांचे दिवस आले म्हणजे गांवोगांव कुस्त्यांचे फड भरतात. दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर-कारखान्यांच्या मुलखांत गेलेलीं कुटुंबें तोंपर्यंत परतलेलीं असतात. देवाची पालखी फिरून येते, नारळ फुटतात, आणि उन्हें कलल्यावर नांगरून, खडे वेंचून मऊ केलेल्या शेतांत हलगी वाजूं लागते. प्रारंभीं पोरासोरांच्या रेवड्या-खोबऱ्यावरच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, आणि शेवटीं दिवेलागणीच्या सुमारास मानाची कुस्ती. हा देखावा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिलेला असेल. परंतु त्यांतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. दोन मल्ल एकमेकांत गुंतून मातींत लोळत असतां कोणाचे दोन्ही खांदे जमिनीस लागले व कोणाचा एकच लागला, हें निमिषाच्या आंत ठरवावयाचें असतें. आणि तें ठरविणारा पंच ज्या बाजूस उभा असेल त्याच बाजूचें त्यास दिसतें. या एका अडचणीपायीं कुस्तीच्या नियमांचा बराचसा इतिहास घडला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही अडचण केवळ आमच्याच खेळाची आहे असें नव्हे. इंग्रजांच्या रग्बी खेळांत दोन्ही पक्षांचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा व डोक्याला डोकें भिडवून एकमेकांस रेटतात. त्या रेट्यास 'स्क्रम' म्हणतात. चेंडू दोन्ही रांगांच्या मधोमध सरळ टाकावा असा नियम आहे. पण तो आपल्या पक्षाच्या पायांकडे तिरपा टाकण्याची खोड जुनी, आणि पंचांनीं तिकडे कानाडोळा करण्याची खोडहि तितकीच जुनी. पुढची रांग कोसळली म्हणजे ती कोणी पाडली, हें पंचास एका बाजूनें पाहून सांगतां येत नाहीं. आणि कोसळण्यानें मानेस गंभीर दुखापत होऊं शकते. म्हणून २०१३ सालीं त्या खेळाच्या जागतिक संस्थेनें भिडण्याचा क्रमच बदलला : आधीं वांकावें, मग एकमेकांस धरावें, आणि मगच भिडावें. दुरून धांवून आदळण्याचा जोर त्यामुळें कमी झाला. तात्पर्य, जेथें शरीरें एकमेकांत गुंततात तेथें अपराध झांकला जातो. आणि जेथें अपराध झांकला जातो तेथें नियम लिहिण्यापेक्षां तो अमलांत आणणेंच अधिक कठीण होऊन बसतें.

आमच्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा विचार केला नव्हता असें मात्र नाहीं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचें बसवकल्याण. मराठवाड्याच्या सीमेपासून तें फार दूर नाहीं. या ग्रंथांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग केले आहेत, वयाचाहि विचार केला आहे, आणि मल्लांचा आहार, मेहनत व डावपेंच यांचें वर्णन आहे. अशा वर्गवारीचा अर्थ उघड आहे. विषम जोड लावून मिळविलेल्या जयास जय म्हणतां येत नाहीं, हें तत्त्व आमच्या भूमींत नऊशें वर्षांपूर्वीं मान्य झालेलें होतें. कुस्तींतील न्यायाची पहिली पायरी म्हणजे जोड; चितीचा प्रश्न त्यानंतरचा.

जत्रेच्या फडांत ही पहिली पायरी अद्यापि डोळ्यांनींच चढतात. तेथें तराजू नसतो. जाणते वस्ताद दोन पोरांस शेजारीं उभें करतात, मनगटें व मांड्या पाहतात, कोण कोणत्या तालमींतला हें विचारतात, आणि जोड लावतात. लोकांस ती पसंत पडली नाहीं तर ते तेथल्या तेथें ओरडतात, आणि पुष्कळ वेळां जोड बदलावी लागते. या पद्धतींत नियम थोडे; गुण नाहींत, आणि वेळेचें बंधनहि सैल. चीतपट झाली तर निकाल, नाहीं तर बराच वेळ खडाखडी झाल्यावर पंच कुस्ती बरोबरींत सोडवितात व इनाम वांटून देतात. निकाल इतका ठसठशीत हवा कीं, दूर झाडावर बसलेल्या मनुष्यासहि तो कळावा. अर्धवट लागलेल्या खांद्यावर निकाल देणें शहाणा पंच टाळतोच.

या जुन्या न्यायाचें आम्हांस कौतुक आहे. परंतु त्याचे दोष झांकण्याची आमची इच्छा नाहीं. गांवचा मल्ल आणि परगांवचा मल्ल यांत गर्दीचें मन कोणीकडे झुकतें, हें सांगावयास नको. इनाम देणाऱ्या धनिकाचा मल्ल हरतांना पाहणें पंचासहि जड जातें. आणि 'नुरा कुस्ती' हा शब्द आमच्या भाषेंत रूढ झाला आहे, यावरूनच आधीं ठरवून केलेल्या लढती किती जुन्या आहेत हें दिसतें. शंभर डोळ्यांची साक्ष ही मोठी साक्ष खरी. पण ते शंभर डोळे एकाच गांवचे असले म्हणजे ती साक्ष एकतर्फी होते.

राजाश्रयानें या दोषांवर कांहीं उपाय केले. कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान १९१२ सालीं तयार झालें. १९०२ च्या यूरोपच्या प्रवासांत महाराजांनीं रोमचें प्राचीन रंगमंडल पाहिलें व त्यावरून ही कल्पना त्यांस सुचली, असें सांगतात. मध्यें मातीचा हौदा आणि भोंवतीं चढत गेलेली प्रेक्षकांची जागा, अशी त्याची रचना आहे. आम्हांस या रचनेंत केवळ वैभव दिसत नाहीं. सर्वांना सर्व दिसावें, ही न्यायाचीच एक अट आहे. ज्या कुस्तीचा निकाल हजारों लोक चारहि बाजूंनीं पाहतात, तिच्यांत लबाडी करणें पंचासहि अवघड आणि मल्लासहि अवघड.

बीडकडे त्या वेळीं परिस्थिति निराळी होती. हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत सभा-संस्थांवर नाना प्रकारचे निर्बंध होते आणि आखाड्यांवरहि सरकारची नजर असे. १९३८-३९ च्या सत्याग्रहाच्या वेळीं मांडलेल्या गाऱ्हाण्यांत आखाड्यांवरील बंधनांचाहि समावेश होता. तालीम म्हणजे चार तरुण एकत्र जमण्याची जागा, आणि सत्तेला नेमकें तेंच नको असतें. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्यानंतर अवघ्या एका वर्षानें, १९६१ सालीं, पहिला 'महाराष्ट्र केसरी' मराठवाड्याच्याच भूमींत, औरंगाबादेस, निवडला गेला. दिनकर दह्यारी हे त्या मानाच्या गदेचे पहिले मानकरी.

परंतु तेथवर येण्यापूर्वीं दोन जुन्या कुस्त्यांची आठवण करणें अवश्य आहे; कारण नियम व न्याय हे नेहमीं एकच असतात असें नाहीं, हें त्या दोन कुस्त्या जितकें स्पष्ट दाखवितात तितकें दुसरें कांहीं दाखवीत नाहीं.

पहिली गामा पहिलवानाची. १९१० च्या सप्टेंबरांत लंडन येथें गामाची कुस्ती स्टॅनिस्लाउस झ्बिस्को या पोलिश मल्लाशीं झाली. गामाचें बळ पाहतांच झ्बिस्कोनें पालथें पडून गादी घट्ट धरली, आणि अडीच तासांहून अधिक वेळ तो जवळजवळ तसाच पडून राहिला. नियमाप्रमाणें चीत झाल्याखेरीज हार नव्हती, आणि पालथें पडून राहणें हा अपराध नव्हता. कुस्ती बरोबरींत सुटली. आठवड्यानें पुन्हां लढत ठरली, तेव्हां झ्बिस्को आलाच नाहीं. पुढें १९२८ सालीं पतियाळ्यास दोघे पुन्हां समोरासमोर आले, आणि गामानें त्यास मिनिटभराच्या आंत अस्मान दाखविलें. लंडनच्या कुस्तींत एकहि नियम मोडला गेला नव्हता. तरीहि तेथें न्याय झाला असें कोणास वाटलें नाहीं. नियमांत लढण्याची सक्ति नव्हती, हाच त्यांतला दोष. आज जागतिक कुस्तींत निष्क्रिय मल्लास ताकीद मिळते व त्याच्या प्रतिस्पर्ध्यास गुण मिळूं शकतो. झ्बिस्कोच्या त्या अडीच तासांसारख्या प्रसंगांतूनच असल्या नियमाची गरज जगास पटली असावी.

दुसरी कथा खाशाबा जाधव यांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लास १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यापूर्वींच न्यायासाठीं झगडावें लागलें. निवडीच्या वेळीं आपल्यावर एका गुणाचा अन्याय झाला अशी दाद त्यांनीं थेट पतियाळ्याच्या महाराजांकडे मागितली, पुन्हां लढत घेण्यांत आली, तींत ते विजयी झाले आणि मगच त्यांची निवड झाली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. प्रवासाच्या खर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीस खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांस हरविलें. पुढें जपानच्या शोहाची इशी याच्याशीं त्यांची दीर्घ व दमछाक करणारी कुस्ती झाली. आणि तींत हार झाल्यावर लगेच त्यांस सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयॉव्ह याच्यापुढें उभें करण्यांत आलें. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून हरकत घेण्यास तेथें एकहि भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीस सुवर्णपदक, ममदबेयॉव्हला रौप्य, आणि खाशाबांस कांस्य मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या दोन प्रसंगांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. लंडनला नियमच अपुरा होता. हेलसिंकीला नियम पुरा होता, पण त्याच्या बाजूनें बोलणारें तोंड नव्हतें. पहिला दोष नियम सुधारून गेला. दुसरा दोष नियम सुधारून जाणारा नव्हे, कारण पुस्तकांतला नियम स्वतः उठून बोलत नाहीं. त्याला कोणी तरी बोलतें करावें लागतें. आणि गरीब घरच्या, परमुलखांत एकट्या पडलेल्या मल्लाच्या बाजूनें तें करणारा मनुष्य बहुधा जागेवर नसतो.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती आणि गादी अशा दोन विभागांतून मल्ल निवडले जातात व दोन्ही विभागांचे विजेते गदेसाठीं लढतात. येथें जत्रेचा ठसठशीत निकाल आणि जागतिक नियमांची गुणपद्धति यांचा संगम झाला आहे. पण संगमावर भोंवरेहि असतात. एका गुणावर निकाल लागूं लागला, कीं तो एक गुण कोणीं दिला, कां दिला, हा प्रश्न आलाच. १९६३ सालीं साताऱ्याच्या अधिवेशनांत किताबाचा निकालच लागूं शकला नव्हता. २०२३ च्या जानेवारींत पुण्यास महेंद्र गायकवाड व सिकंदर शेख यांच्या लढतींत टांग डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद माजला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दोन संस्थांनीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं स्पर्धा भरविल्या, आणि एकाच महिन्यांत महाराष्ट्रास दोन केसरी मिळाले : फुलगांवास सिकंदर शेख, आणि धाराशिवास शिवराज राक्षे. न्यायालयेंच दोन झालीं म्हणजे निकालाचें वजन उणें होतें, हें निराळें सांगावयास नको.

त्याहून दुःखद प्रकार २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगरास घडला. गादी विभागाच्या निर्णायक लढतींत पंचानें पृथ्वीराज मोहोळ यानें शिवराज राक्षेस चीत केल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते असें राक्षेचें म्हणणें होतें. वाद वाढला, आणि त्यानें पंचाची गचांडी धरून त्यास लाथ मारली. पुढें मोहोळ व महेंद्र गायकवाड यांच्या अंतिम लढतींतहि एका गुणावरून वाद होऊन गायकवाड मैदान सोडून गेला. मोहोळ विजयी ठरला, आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यांत आली.

खांदे टेकले कीं नाहीं, याचा निवाडा आम्ही येथें बसून करणार नाहीं. तो आमचा अधिकार नव्हे. पंचावर हात किंवा पाय उगारणें हें कोणत्याहि कारणानें क्षम्य नाहीं, हेंहि आम्ही निःसंदिग्धपणें सांगतों. ज्या दिवशीं पंच मल्लाला भिऊं लागेल त्या दिवशीं बलवानाचाच न्याय उरेल; आणि बलवानाच्या न्यायापासून सुटका करून घेण्यासाठींच तर मनुष्यानें नियम केले. परंतु शिक्षा झाली म्हणजे प्रश्न मिटला, असेंहि समजूं नये. जागतिक नियमांप्रमाणें गादीवरचा पंच एकटा निर्णय देत नाहीं. त्याच्या जोडीस एक निर्णायक व एक प्रमुख असतो, आणि चितीस त्यांची संमति लागते. गुणांविषयीं शंका असल्यास मल्लाच्या पक्षास चित्रफीत पुन्हां पाहण्याची मागणी करतां येते, आणि ती मागणी फुकट गेली तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. चितीच्या निर्णयावर मात्र अशी मागणी चालत नाहीं. तेथें पंचांची संमति हीच फेरतपासणी मानली आहे. म्हणजे ज्या निर्णयानें कुस्ती तत्काळ संपते, त्याच निर्णयावर दाद मागण्याची वाट मल्लाच्या हातीं नाहीं. याचा अर्थ असा कीं, पंचांचें एकमत हें केवळ मान हालवून दिलेलें एकमत असतां कामा नये. निरनिराळ्या बाजूंनीं खरोखर पाहिलेल्या डोळ्यांची ती साक्ष असली पाहिजे, आणि तशी ती होती हें मल्लास व प्रेक्षकांस तेथल्या तेथें समजलें पाहिजे.

या गोष्टीचा बीडच्या मुलाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. पाटोद्याचा राहुल आवारे हा मल्लाचाच मुलगा. तो पुण्यास जाऊन, लातूरकडचे व १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखालीं व पुढें काका पवार यांच्या तालमींत तयार झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला त्याच्या वजनगटांतून दुसऱ्या मल्लास पाठविण्यांत आलें, आणि राहुलला डावललें अशी तक्रार त्या वेळीं उघडपणें झाली. त्यानें त्यावर कुस्तीनेंच उत्तर दिलें. २०१८ सालीं राष्ट्रकुल स्पर्धांत ५७ किलो गटांत सुवर्णपदक आणि २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत ६१ किलो गटांत कांस्यपदक त्यानें मिळविलें. पण ज्यास दुसरी संधि मिळत नाहीं त्याचें काय? कोरडवाहू जमिनीच्या आणि ऊसतोडीच्या या जिल्ह्यांत मुलाला तालमींत ठेवणें म्हणजे दूध, तूप, बदाम यांचा खुराक वर्षानुवर्षें पुरविणें. घरांतलीं इतर माणसें पोटाला चिमटा घेतात तेव्हां एक मल्ल उभा राहतो. त्याच्या उमेदीचीं वर्षें दहाबारा. तेवढ्यांत एक चुकीचा निकाल त्याचें एक वर्ष नेतो, आणि एका वर्षाबरोबर कधीं कधीं नोकरी, मान आणि घराचा आधारहि नेतो. नगराच्या सभागृहांत बसलेल्या मनुष्यास जो केवळ एक गुण वाटतो, तो आष्टीच्या एखाद्या घरांत पांच वर्षांचा खुराक असतो.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, कुस्तींतील न्यायाच्या चर्चेंत तीन गोष्टी एकत्र धराव्या. जोड व निवड उघड असावी, म्हणजे कोण कां निवडला गेला हें मागून विचारावें लागणार नाहीं. पंच एकाहून अधिक, शिकलेले, आणि मल्लांच्या गांवाशीं व तालमींशीं संबंध नसलेले असावे. आणि त्यांचें मानधन व संरक्षण यांत कसूर होऊं नये. तिसरें, आपल्यावर अन्याय झाला असें वाटणाऱ्या मल्लास दाद मागण्याची ठरलेली वाट असावी, आणि त्या वाटेवर त्याच्या बाजूनें बोलणारा जाणता मनुष्य हजर असावा. ही वाट जेथें बंद असते तेथें राग दुसरी वाट शोधतो. अहिल्यानगरास जें घडलें तें निंद्यच. पण हेलसिंकीस जो अन्याय मुकाट्यानें गिळावा लागला, तोहि विसरण्याजोगा नाहीं. एका ठिकाणीं मल्लानें मर्यादा सोडली, दुसऱ्या ठिकाणीं नियमानें मल्लास सोडलें.

जत्रेच्या फडांत कुस्ती निकाली झाली म्हणजे जिंकलेला मल्ल हरलेल्यास हात देऊन उठवितो आणि दोघे वस्तादांच्या पायां पडतात. हरलेल्याच्या चेहऱ्यावर माती असते, पण बहुधा तक्रार नसते. कारण आपण हरलों हें त्याचें त्यालाच कळलेलें असतें. निकालाची खरी कसोटी हीच आहे. जिंकणाऱ्यास तो पटतोच. तो हरणाऱ्यास पटावा यासाठीं नियम, पंच, गुण आणि चित्रफिती यांचा हा सारा खटाटोप आहे. आणि तेवढें साधलें नाहीं, तर आखाड्याची माती कितीहि मऊ केली तरी पडणाऱ्यास ती लागल्यावांचून राहणार नाहीं.